एक लावायला, एक ठेवायला

जुनी गाडी विकणं त्या मानाने सोपं. गिऱ्हाईक येतं, टायरला बुटाने ठोसतं, बॉनेटखाली डोकं घालून 'धूर जरा जास्तच मारतेय' म्हणतं, दोन दिवस घासाघीस होते आणि किल्ली त्याच्या हातात जाते. घरची माणसं आठवडाभर हळहळतात. मग रिकाम्या झालेल्या पार्किंगमध्ये कोणाची ॲक्टिव्हा लागणार यावरून सोसायटीत भांडण सुरू होतं आणि त्या भरात हळहळ विरून जाते. खरी पंचाईत होते ती गाडीमागे उरलेल्या सामानाची.

आमची प्रीमिअर पद्मिनी गेली, तिचे पार्ट गेले नाहीत. घेणाऱ्या गृहस्थांनी "सोबत काही सामान आहे का?" असं विचारलंही होतं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, जॅक आणि चाकं खोलायचा पाना काढून दिला आणि "एवढंच" म्हणून हात झाडले. इन्कम टॅक्सच्या फॉर्ममध्येसुद्धा कधी खोटं न लिहिलेला माणूस. गृहस्थ गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "अगं, तो ती चालवायला नेत नाहीये. फुलं लावून लग्नात भाड्याने देणार आहे. त्याला कनेक्टिंग रॉडची किंमत काय कळणार?"

त्यामुळे आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बाथरूमवरच्या माळ्यावर एक इंजिन राहतं. सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी. एक पत्र्याची ट्रंक, डालड्याचे दोन डबे, बिस्किटांचा एक चौकोनी डबा आणि बँकेच्या कॅलेंडरात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू, जिला अप्पा 'कॅमशाफ्ट' म्हणतात आणि कामाला येणाऱ्या मावशी 'ते गाठीगाठीचं' म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी मला मावशींचं वर्णन जास्त अचूक वाटतं.

या मालाचे उगम दोन. पहिला म्हणजे मिस्त्री. गॅरेजवाल्यांची एक जुनी, सचोटीची रीत आहे: नवा पार्ट टाकला की काढलेला गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "हे बघा साहेब, तुमचा पार्ट. पार गेला होता." म्हणजे बिल खरं आहे, पार्ट खरोखर बदलला आहे, याचा पुरावा. साहेब तो तेलकट ऐवज वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणतात. पुढे त्याचं काय करायचं हे मिस्त्री सांगत नाही. खटला संपला तरी मुद्देमाल पडून राहतो, हे कोणत्याही पोलिस ठाण्याच्या आवारात दिसतं. अप्पांच्या घरी वेगळं काय होणार? पुरावा टाकायचा कसा? उद्या मिस्त्री उलटला तर? आता तो मिस्त्री गॅरेज बंद करून गावी गेला, त्याच्या मुलाने त्याच जागेत मोबाइलचं दुकान थाटलं, तरी त्याने बदललेल्या वॉटर पंपाचा पुरावा आमच्याकडे शाबूत आहे.

दुसरा उगम टंचाई. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी सूत जमलं. साठच्या दशकाच्या मध्यात ११००डी आली, पुढे तिला काही काळ 'प्रेसिडेंट' करून पाहिलं आणि १९७४मध्ये ती 'पद्मिनी' झाली. तिची राष्ट्राध्यक्षाची राणी झाली, पण लोक शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले आणि बॉनेटखालचं चार सिलिंडरांचं १०८९ सीसीचं इंजिनही या नामांतरांच्या भानगडीत पडलं नाही. गाडी नोंदवली की ती दारात यायला वर्षंच्या वर्षं लागत. मुलाच्या मुंजीत नंबर लावावा आणि गाडी त्याच्या वरातीत वापरावी, असा तो काळ.

इतकी वाट पाहून गाडी मिळालेला माणूस पार्टच्या बाबतीत गाफील राहणं शक्यच नव्हतं. नाना पेठेत पॉइंट 'आलेत' अशी कुणकुण लागली की अप्पा बँकेतून अर्धी रजा टाकून जात आणि दोन सेट आणत. एक लावायला, एक ठेवायला. लावलेला झिजला की ठेवलेला लावायचा, आणि पुन्हा दोन आणायचे. हे गणित वाचकांनी कागदावर मांडून पाहावं. साठा कधीच शून्यावर येत नाही. उलट गाडी जितकी बिघडेल तितका तो वाढतो.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. नवे एका डब्यात, काढलेले दुसऱ्या डब्यात, प्रश्न मिटला. पण डबे बदलतात. वाडा पाडून फ्लॅटमध्ये येताना पॅकर्सवाल्याने जागा वाचवण्यासाठी दोन्ही डबे ट्रंकेत रिकामे केले आणि त्या क्षणी पुरावा आणि ऐवज यांच्यातला भेद संपला. आता एखादा कंडेन्सर हातात घेतला, बोटाच्या पेराएवढी ती पत्र्याची नळी आणि तिची शेपटीसारखी वायर, तर तो नवा आहे की 'पार गेलेला' हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कंडेन्सर बाहेरून मरत नाही, आतून मरतो. तो गाडीत बसवून, इंजिन गरम होऊन, गाडी कर्वे रोडच्या मधोमध बंद पडते तेव्हाच त्याच्याविषयी खात्रीलायक माहिती मिळते. आणि आमच्याकडे तर आता गाडीच नाही.

त्यात एक आणखी मौज आहे, ती रबराची. लोखंडाचे काढलेले पार्ट तेल पुसलं की चकचकीत दिसतात, शंभर वर्षं जातील असे. आणि जे खरोखर नवे, खोक्यातून कधी बाहेरच न आलेले, त्यांचंच दिवाळं वाजलेलं असतं. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम कडक होऊन पापडासारखा मोडतो. ऑइल सीलला तडे जातात. बुचाचं गॅस्केट आकसून त्याची भोकं बोल्टांच्या जागी येत नाहीत. म्हणजे जे गेले म्हणून काढले ते जिवंत दिसतात आणि जे जपून ठेवले ते खोक्यातच वारले. अप्पा हे मान्य करत नाहीत. त्यांच्या मते सीलबंद खोक्यात काळ थांबतो. त्या खोक्यांना मी हात लावलेला त्यांना चालत नाही, बहुधा उघडल्यावर काळ बाहेर येईल म्हणून.

पिस्टनची गोष्ट वेगळी. आमच्याकडे कारखान्यातून आले त्या मापाचे, ६८ मिलिमीटरचे, चार पिस्टन आहेत. इंजिन बोअर करून घेतलं तेव्हा ते काढले. बोअर केलं म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठे केले आणि त्यांत त्या मापाचे मोठे पिस्टन घातले. सिलिंडर एकदा मोठा झाला की तो पुन्हा लहान होत नाही; त्यात धाकटा पिस्टन टाकला तर तो नुसता खडखडेल. तेव्हा हे चार पिस्टन आमच्या गाडीला, ती आमच्याकडे होती तेव्हासुद्धा, कधीच लागणार नव्हते. मी हे अप्पांना विज्ञानाच्या बाईच्या सुरात समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुसऱ्या कोणाला लागतील."

त्या दुसऱ्या कोणाचा शोध हा आमच्या घरातला दिवाळीपूर्वीचा वार्षिक कार्यक्रम आहे.

एका दिवाळीला मी आणि नवरा पिशवी भरून नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा पार्ट हवा असला की माणूस आपोआप नाना पेठेच्या दिशेने वळतो. पण तिथे पार्ट घेऊन जाणाऱ्याचं स्वागत आणि पार्ट मागणाऱ्याचं स्वागत यांत फरक असतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. एका दुकानात आम्ही पिशवी काउंटरवर ठेवली. मालकांनी वरूनच डोकावून पाहिलं. "फियाटचं? कोण घेतंय आता. किलोवर जाईल." तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या एका आजोबांनी विचारलं, "फियाटचे टॅपेट आहेत का हो?" मालकांनी मान न वळवता उत्तर दिलं, "येतच नाहीत साहेब आता. सोनं झालंय त्याचं." आमची पिशवी त्या दोन वाक्यांच्या बरोबर मधे पडलेली होती. नवऱ्याने आजोबांना गाठलं, पिशवी उघडून दाखवली. आजोबा एकेक टॅपेट उजेडात धरून बघत राहिले आणि मग म्हणाले, "छान आहेत. माझ्याकडेही असेच आहेत. नवे मिळतात का ते बघत होतो."

याला मालक तरी काय करणार म्हणा. पद्मिनीचा बाजार जिवंत होता तो मुख्यतः मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. दिवसभर पळणारी गाडी पार्ट खाते, आणि खाणारा आहे तोवर विकणारा असतो. पद्मिनीचं उत्पादन २०००च्या सुमारास थांबलं, टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा लागली, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत भावपूर्ण मजकूर आला. अप्पांनी तो कापून ठेवला. कुठे ठेवला ते सांगायला नकोच.

दुकानं झाल्यावर नवऱ्याने पद्मिनीप्रेमींचा व्हॉट्सॲप ग्रुप शोधला. या मंडळींना हवं असतं ते भलतंच: मागच्या दिव्यांच्या काचा, दरवाज्याच्या मुठी, पुढच्या जाळीवरची अक्षरं. जे दिसतं ते. इंजिनाच्या पोटातलं सामान प्रत्येकाकडे असतं, कारण प्रत्येकाच्या घरी एक अप्पा होऊन गेलेले असतात. तरी चिंचवडहून एक गृहस्थ आले. सोलेक्सचा कार्बोरेटर हवा होता. अप्पांनी त्यांना ट्रंक दाखवली. दोघं तीन तास जमिनीवर बसून होते, मी दोनदा चहा दिला. जाताना ते कार्बोरेटर घेऊन गेले, आणि "आमच्या सौ. घरात ठेवू देत नाहीत" म्हणून डिकीतून एक डायनॅमो काढून अप्पांच्या हवाली केला. वजनाच्या हिशोबाने त्या दिवशी आमचा माल वाढला.

मग भंगारवाला. या क्षेत्रात स्वच्छ नजरेचा एवढा एकच माणूस. त्याला पार्टचं नाव नको, गाव नको, कंपनी नको. तो लोहचुंबक काढतो. चिकटलं ते एका बाजूला, त्यातही लोखंड निराळं, बीड निराळं. न चिकटलं ते अॅल्युमिनियम; पिस्टन त्यात गेले. डायनॅमोच्या गुंडाळीतलं तांबं बघून मात्र त्याचा चेहरा उजळला. अप्पांनी कनेक्टिंग रॉड हातात धरून त्याला सांगायला सुरुवात केली की हे डिझाइन मूळ इटालियन आहे. तो म्हणाला, "काका, काट्यावर ठेवा." अप्पांनी ठेवला नाही. "हे लोक वितळवतात," ते मला आत येऊन म्हणाले, जणू तो नरभक्षक होता. मी सांगितलं की कोल्हापूरच्या फाउंड्यांमध्ये भंगार वितळवूनच नव्या गाड्यांचं बीडकाम होतं, म्हणजे आपला पार्ट पुन्हा कुठल्यातरी इंजिनातच जाईल. "कुठल्या?" अप्पांनी विचारलं. ते मला सांगता आलं नाही, आणि तेवढ्यावर तो सौदा फिसकटला.

अख्खी गाडी असती तर सरकारने तरी हात दिला असता. २०२१पासून जुनी वाहनं मोडीत काढायला नोंदणीकृत केंद्रं आहेत, तिथे गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं, आणि ते दाखवून नव्या गाडीच्या करात सवलत घेता येते. उलट गाडी पन्नाशीच्या पुढे सांभाळली तर त्याच वर्षीच्या नियमांनी ती 'व्हिंटेज' ठरते, तिला वेगळी नंबरप्लेट मिळते. म्हणजे १९७४ची पद्मिनी आता सरकारदरबारी मानाची म्हातारी. सुट्या पार्टांना मात्र ना मृत्यूचा दाखला, ना वयाचा मान. ते नागरिकच नव्हेत.

मधल्या काळात माझ्या नवऱ्याला व्हिडिओ बघून कलेचा झटका आला. कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत इंजिनच्या ब्लॉकवर काच टाकून टीपॉय केलेला त्याने पाहिला होता. तिथल्या कॉफीच्या भावावरून तो ब्लॉकही सोन्याचा असावा. आमच्याकडे ब्लॉक नव्हता, म्हणून त्याने क्लच प्लेटचं घड्याळ करायचं ठरवलं आणि पॉलिशपेपर आणला. त्याला मी थांबवलं. त्या काळच्या क्लच प्लेटच्या आणि ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. ते घासून उडालेली धूळ फुप्फुसात गेली तर घड्याळात वेळ बघायला घरात कोणी उरायचं नाही. मग तो कॅमशाफ्टच्या दिव्याकडे वळला. त्याला तळाशी वायरसाठी भोक पाडणं भाग होतं. अप्पा जेवणावरून उठून आले. "भोक पाडलंस की तो पार्ट राहत नाही रे." गाडी विकून झाली, इंजिन कुठल्यातरी मंगल कार्यालयाच्या दारात उभं, पण पार्ट पार्ट राहिला पाहिजे. ड्रिल मशीन सोसायटीतल्या ज्यांचं होतं त्यांच्याकडे परत गेलं.

घरगुती उपयोग तेवढे निर्वेध चालू असतात. सासूबाई एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हने वेलदोडे कुटतात, आणि ज्यांनी त्यांच्या हातचा श्रीखंडाचा घास घेतला आहे त्यांनी हे वाचलं नाही तर बरं. व्हॉल्व्हची स्प्रिंग बाल्कनीच्या दाराला आहे. चिरंजीवांच्या लहानपणी अप्पांनी जुनी बेअरिंगं लावून फळीची गाडी करून दिली होती, तिचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकू पाण्याचा टँकर आला समजून कळशी घेऊन धावत.

आणि यावर कडी म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी घरातली हत्यारं, अवजारं, यंत्रं पुजायची. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, शिवणयंत्र, लॅपटॉप यांच्या ओळीत अप्पा ट्रंकही ठेवतात. हळदकुंकू, झेंडूचं फूल, पेढ्याचा नैवेद्य. वर्षानुवर्षं माळा आवरायचा मुहूर्त असतो तो दिवाळीच्या आधी, आणि खंडेनवमी येते त्याच्याही आधी जेमतेम तीन आठवडे. नुकतीच ज्याच्यापुढे उदबत्ती लावली तो गॅस्केटचा गठ्ठा लगेच रद्दीत घाला असं म्हणायची कोणाची हिंमत होणार? पंचांगकर्त्यांनी हे दोन सण लांब ठेवले असते तर महाराष्ट्रातले निम्मे माळे मोकळे झाले असते.

अखेर मार्ग निघाला तो शाळेतून. माझ्या एका सहकारी बाईंचे यजमान आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या वर्गाचे शिल्पनिदेशक आहेत. त्यांना मी भीतभीतच विचारलं. ते म्हणाले, "आणा की. मुलांना हात घालायला सुटे पार्ट लागतातच." घरात आनंदीआनंद. अप्पासुद्धा तयार झाले. विद्यादान आहे, भंगार नव्हे. त्यांनी चार दिवस बसून प्रत्येक पार्ट रॉकेलच्या जागी डिझेलने धुतला, पुसला, तेलाचं बोट फिरवलं आणि चांगल्यातले चांगले निवडून पिशवी भरली.

सर घरी आले. पिशवी उघडून त्यांनी पहिला पिस्टन हातात घेतला, सवयीने खिशातून मायक्रोमीटर काढला आणि दोन-तीन ठिकाणी लावून पाहिला. त्यांचा चेहरा पडला.

"हा फारच चांगला आहे हो."

"आहेच!" अप्पा म्हणाले.

"नाही, म्हणजे मला झिजलेले हवेत. पिस्टन किती झिजला, कुठे लंबगोल झाला, रिंगची खाच किती रुंद झाली, हे मुलांनी मोजायचं असतं. चांगल्या पिस्टनमध्ये मोजणार काय? तुमच्याकडे गेलेलं काही नाही का?"

एवढी वर्षं हा माणूस जगाला पटवत आला होता की यातलं काहीही गेलेलं नाही. दुकानदारांना पटवलं, भंगारवाल्याला पटवलं, आम्हाला पटवलं. आणि आता प्रथमच कोणीतरी आदराने, हातात मोजमापाचं यंत्र घेऊन विचारत होतं की गेलेलं काही आहे का. अप्पांच्या चेहऱ्यावर जे युद्ध झालं ते बघण्यासारखं होतं. शेवटी ते हळूच म्हणाले, "तसं बघितलं तर हा क्रँकचा बेअरिंग... यावर ओरखडे आहेत." सरांनी तो हातात घेतला आणि "वा!" म्हणाले. अप्पांना धीर आला. वॉटर पंपाचा शाफ्ट डगडगतो. हा व्हॉल्व्ह कडेला जळलाय, बघा. ही टायमिंग चेन ढिली झाली होती, आवाज करायची. प्रत्येक दोषावर सर खूश होत होते आणि अप्पा अधिकाधिक मोकळेपणाने आपल्या गाडीची निंदा करत होते. सासूबाई दाराआडून मला म्हणाल्या, "लग्नाला पन्नास वर्षं होतील, पण ती गाडी बिघडायची हे आज पहिल्यांदा कबूल केलं."

ट्रंक जवळजवळ रिकामी झाली. सरांच्या स्कूटरवर पाय ठेवायला जागा उरली नाही. तळाशी फक्त एक कंडेन्सर राहिला. सर म्हणाले, "हाही देता का? कापून आतलं दाखवता येईल."

अप्पांनी तो पटकन खिशात टाकला. "हा नाही. हा चालू आहे."

"कशावरून?" मी विचारलं.

"काढला तेव्हा चालू होता."

"चालू होता तर काढला कशाला, अप्पा?"

"अगं," अप्पा म्हणाले, "नवीन आणला होता ना!"